व्याज कमी केलं म्हणजे नेमकं काय केलं? झांबिया आणि घानाचा हिशोब

'चीनने आफ्रिका गिळली, आता कर्जापायी देश विकायला निघालेत' हा मेसेज आमच्या तालुक्यातल्या तीन ग्रुपवर एकाच आठवड्यात फिरला. खाली एका बंदराचा फोटो. बंदर कुठलं, देश कुठला, कर्ज किती, व्याज किती, काही नाही. आफ्रिका म्हणजे जणू एकच गाव आणि चीन म्हणजे तिथला एकमेव सावकार. म्हणलं, यावर एकदा नीट लिहूनच टाकावं. पोस्ट मोठी आहे आणि आकडे भरपूर आहेत, तेव्हा चहा घेऊनच बसा.

मी अर्थतज्ज्ञ नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा केला आणि वीसेक वर्षं तालुक्याच्या ठिकाणी बातमीदारी करतोय. पण जिल्हा बँक, विकास सोसायट्या, पीककर्जाचं पुनर्गठन, एकरकमी परतफेड या विषयांवर इतक्या बातम्या केल्या की एक सवय लागून गेली. कर्जाची बातमी आली की मी 'माफी'चा आकडा शेवटी बघतो. आधी बघतो व्याजाचा दर, मुदत, आणि थकलेलं व्याज मुद्दलात मिळवलंय का ते. हेडिंगमध्ये माफी असते, खरी गोष्ट या तीन ओळींत असते. देशांच्या कर्जालाही हेच लागू पडतं, फक्त शून्यं वाढतात.

झांबिया आणि घाना हे दोन देश मी मुद्दाम घेतलेत. दोघंही एकेकाळचे ब्रिटिश अमलाखालचे, दोघंही खाणींवर जगणारे. झांबियाचं तांबं, घानाचं सोनं आणि कोको. दोघांनाही २००४-०५ च्या सुमारास गरीब देशांच्या कर्जमुक्तीचा मोठा फायदा मिळाला. झांबियाचं तर सुमारे ७ अब्ज डॉलरचं परदेशी कर्ज घसरून एका अब्जाच्या खाली आलं. (एक अब्ज म्हणजे १०० कोटी, हे पुढे लागेल.) पाटी कोरी झाली म्हणायची. आणि पंधरा-सतरा वर्षांत दोघंही परत बुडाले. झांबियाने १३ नोव्हेंबर २०२० ला हप्ता चुकवला, घानाने १९ डिसेंबर २०२२ ला परदेशी देणी थांबवल्याचं जाहीर केलं. दोघांचीही कर्जं जी-२० च्या 'कॉमन फ्रेमवर्क' या एकाच चौकटीत नव्याने बसवली गेली. पण व्याजाची तडजोड अगदी वेगळी झाली, आणि माझ्या मते त्यातली एक दुसरीपेक्षा बरीच शहाणी आहे.

आधी झांबियाची एक जुनी गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय या धंद्याची रीत कळत नाही. १९७९ साली झांबियाने रोमानियाकडून ट्रॅक्टर आणि शेतीची यंत्रं उधारीवर घेतली. उधारी सुमारे १५ दशलक्ष डॉलर, म्हणजे दीड कोटी. तांब्याचे भाव पडले, पैसे थकले. वीस वर्षांनी, १९९९ मध्ये, डोनेगल इंटरनॅशनल नावाच्या कंपनीने ती थकबाकी रोमानियाकडून सुमारे ३३ लाख डॉलरला विकत घेतली. भंगाराच्या भावात. आणि मग लंडनच्या कोर्टात झांबियावर दावा ठोकला तो सुमारे साडेपाच कोटी डॉलरचा! मुद्दल, व्याज, व्याजावर व्याज, सगळं धरून. २००७ मध्ये न्यायाधीशांनी कंपनीच्या वागण्यावर ताशेरे ओढले, पण कायद्यापुढे इलाज नव्हता. झांबियाला सुमारे दीड कोटी डॉलर द्यावे लागले. ३३ लाखांचे दीड कोटी. ज्या वर्षांत कर्जमाफीचा पैसा शाळा-दवाखान्यांकडे वळायचा होता, त्याच वर्षांत हे घडत होतं. या प्रकरणावर इतकी ओरड झाली की ब्रिटनने २०१० मध्ये अशा वसुलीला लगाम घालणारा कायदा केला.

आपल्याकडे जुन्या हिंदू कायद्यात दामदुपटीचा नियम होता. थकलेलं व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नाही, एवढाच. मुंबई इलाख्यातली कोर्टंही तो मानायची. लंडनच्या कायद्यात दामदुपट नाही. आणि झांबिया काय, घाना काय, दोघांचेही आंतरराष्ट्रीय रोखे याच इंग्लिश कायद्याखाली काढलेले आहेत.

आता नव्या कर्जाकडे या. सप्टेंबर २०१२ मध्ये झांबियाने पहिल्यांदा परदेशी बाजारात डॉलरचे रोखे विकले. ७५ कोटी डॉलर, व्याज ५.३७५ टक्के. युरोप-अमेरिकेत व्याजदर शून्याला टेकले होते, तिथल्या फंडांना कुठेतरी चार पैसे जास्त हवे होते. त्यामुळे विक्रीला होते त्याच्या पंधरा पटीहून जास्त मागणी आली. त्या सुमारास स्पेनलाही साधारण तेवढाच दर पडत होता, तेव्हा लुसाकात काय आनंद झाला असेल बघा. मग २०१४ मध्ये १०० कोटी डॉलर, दर ८.५ टक्के. २०१५ मध्ये १२५ कोटी डॉलर, दर ८.९७ टक्के. तीन वर्षांत दर कुठून कुठे गेला! तांबं घसरलं होतं, क्वाचा कोसळत होता, वीज जात होती. तरीही पैसे घेतले आणि देणाऱ्यांनी दिले.

हिशोब करा. तिन्ही रोख्यांचं मुद्दल ३०० कोटी डॉलर. वर्षाचं व्याज ४ कोटी अधिक साडेआठ कोटी अधिक ११ कोटी २० लाख, म्हणजे २३ कोटी ७० लाखांच्या आसपास. हे फक्त रोख्यांचं. शिवाय चीनच्या बँकांची कर्जं रस्ते, विमानतळ, धरणांसाठी वेगळी. कर्ज काढणारे काही भाबडे नव्हते. 'लिंक झांबिया ८०००' म्हणून आठ हजार किलोमीटर रस्त्यांची योजना २०१२ मध्ये काढली होती. उद्घाटनांचे नारळ तिथे फुटत नसतील, पण कोनशिला तिथेही बसतातच. त्यामुळे सगळा दोष सावकाराचा, असं काही मी म्हणत नाही.

कोविडच्या वर्षात ४ कोटी २५ लाख डॉलरचा एक व्याजाचा हप्ता आला. २०१४ च्या रोख्याचा सहामाही हप्ता. तो चुकला आणि देश डिफॉल्टर ठरला. कोविडच्या काळात हप्ता चुकवणारा आफ्रिकेतला पहिला देश. पुढे ऑगस्ट २०२१ ला लोकांनी एडगर लुंगूंना घरी बसवलं आणि हकाइंडे हिचिलेमा निवडून आले. आणि मग सुरू झाली वाटाघाटीची वारी. नाणेनिधीचा १.३ अब्ज डॉलरचा कार्यक्रम मंजूर व्हायला ऑगस्ट २०२२ उजाडला. सरकारी सावकारांशी समझोता झाला २२ जून २०२३ ला, पॅरिसमध्ये. रोखेधारकांशी नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरलं होतं, तर सरकारी सावकारांच्या समितीने, जिचे अध्यक्ष चीन आणि फ्रान्स होते, ते फेटाळलं. का? तर 'आम्ही इतकी सूट दिली आणि हे खाजगीवाले कमी देतायत'. गावच्या वाटणीत धाकटा म्हणतो ना, थोरल्याने सोडलं तेवढंच मी सोडणार, तसंच. शेवटी मार्च २०२४ मध्ये नवीन बोलणी झाली आणि जून २०२४ मध्ये रोखे बदलले गेले. हप्ता चुकल्यापासून तीन वर्षं सात महिने.

या तीन वर्षं सात महिन्यांत व्याज थांबलं होतं का? अजिबात नाही. ते साचत होतं. ३०० कोटींच्या मुद्दलाचा दावा थकीत व्याज धरून सुमारे ३८९ कोटींवर गेला. मग जून २०२४ मध्ये बातमी आली: रोखेधारकांनी ८४ कोटी डॉलरवर पाणी सोडलं! जगभर हेडिंगं झाली. आता ३८९ मधून ८४ वजा करा. उरले ३०५ कोटी. म्हणजे मूळ मुद्दल होतं त्याहून पाच कोटी जास्तच. मुद्दलातला एक डॉलरही गेला नाही. गेलं ते वाटाघाटी लांबल्या म्हणून साचलेलं व्याज, आणि तेही पुरतं नाही. आपल्याकडे एखाद्या पतसंस्थेने असा हिशोब करून त्याला माफी म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी दारात मोर्चा आला असता.

तरी वार्षिक बोजा कमी झाला, हे मान्य करायला हवं. मुदती लांबल्या आणि दर खाली आला. त्या ३०५ कोटींचे दोन भाग केले. 'अ' रोखा १७० कोटींचा. व्याज ५.७५ टक्के, २०३१ नंतर साडेसात, शेवट २०३३ ला. 'ब' रोखा १३५ कोटींचा. व्याज फक्त अर्धा टक्का, आणि मुदत थेट २०५३ पर्यंत. अर्धा टक्का! वाचताना कुणीही म्हणेल, वा, याला म्हणतात उदारपणा.

पण 'ब' रोख्यात एक कलम आहे, आणि या सगळ्या पोस्टचं कारण ते कलम आहे.

२०२६ ते २०२८ या तीन वर्षांत झांबियाची प्रकृती तपासली जाणार. एक तर निर्यात आणि सरकारी महसूल यांची डॉलरमधली तीन वर्षांची सरासरी नाणेनिधीच्या अंदाजापेक्षा वर गेली पाहिजे, किंवा नाणेनिधी-जागतिक बँकेने झांबियाची कर्ज पेलण्याची ताकद 'कमकुवत' वरून 'मध्यम' केली पाहिजे. यातलं एक झालं तरी 'ब' रोख्याचं व्याज अर्ध्या टक्क्यावरून साडेसात टक्क्यांपर्यंत चढतं आणि मुदत २०५३ वरून २०३५ वर येते. आकड्यात सांगतो. १३५ कोटींवर अर्धा टक्का म्हणजे वर्षाला साडेसदुसष्ट लाख डॉलर. साडेसात टक्के म्हणजे दहा कोटी बारा लाख. पंधरा पट. वर अठरा वर्षांची मुदत गायब.

आणि ही 'मध्यम' श्रेणी कशावर ठरते? विकासदर, परकीय गंगाजळी, परदेशातून येणारा पैसा, जगाचा विकासदर, आणि जागतिक बँकेने देशाच्या धोरणांना व कारभाराला दिलेले गुण. म्हणजे कारभार सुधारा, गंगाजळी भरा, गुण मिळवा, आणि बक्षीस म्हणून जास्त व्याज भरा. सरकारी सावकारांच्या करारातही असंच कलम आहे, पण सौम्य. तिथे २०३७ पर्यंत दर एक टक्का, त्यानंतर जास्तीत जास्त अडीच, आणि प्रकृती सुधारली तर चारपर्यंत. मुदत साधारण २०४३ ची.

यावर रोखेवाल्यांचं म्हणणं असं, की आज तुम्ही अडचणीत आहात म्हणून आम्ही सोडतोय, उद्या तांब्याचा भाव वाढून तुमची चांदी झाली तर आमचा वाटा द्या. वरवर ऐकायला रास्त आहे. मला ते पटत नाही, आणि कारण सरळ आहे. या लोकांनी २०१५ मध्ये ८.९७ टक्के दर लावला तो कशासाठी? 'बुडण्याचा धोका आहे' म्हणूनच ना? जर्मनीला कुणी नऊ टक्के लावत नाही. धोक्याची किंमत वर्षानुवर्षं व्याजातून वसूल करायची, आणि धोका खरा ठरला की मुद्दल पूर्ण मागायचं, वर सुधारणेतही भागी मागायची. हे म्हणजे विम्याचा हप्ता घ्यायचा आणि घराला आग लागली की भरपाई नाकारून राखेतला वाटा मागायचा.

दुसरी गोष्ट. चांगलं झालं तर दर वाढवणारं कलम आहे, पण वाईट झालं तर हप्ता थांबवणारं कलम नाही. करार होत होता त्याच वर्षी झांबियात भयंकर दुष्काळ होता. २९ फेब्रुवारी २०२४ ला राष्ट्रीय आपत्ती जाहीर झाली होती. मक्याचं पीक गेलं, करिबा धरणातलं पाणी तळाला गेलं आणि देशाची बहुतेक वीज पाण्यावर, त्यामुळे दिवसातले बहुतेक तास अंधार. आपल्याकडे दुष्काळ जाहीर झाला की निदान पीककर्जाच्या वसुलीला स्थगितीचा जीआर तरी निघतो. (बँक तो किती पाळते हा वेगळा विषय, त्यावर पुन्हा कधीतरी.) आणि असं कलम आंतरराष्ट्रीय रोख्यांत बसत नाही म्हणावं, तर तेही खोटं आहे. ग्रेनेडा नावाच्या चिमुकल्या बेटाच्या रोख्यात चक्रीवादळाचं कलम आहे. २०२४ मध्ये बेरिल वादळ आलं तेव्हा ते वापरून ग्रेनेडाने हप्ते पुढे ढकलले. ग्रेनेडाला जमतं ते झांबियाला का नाही?

आता घाना.

घानाने २००७ मध्ये पहिला डॉलर रोखा काढला, साडेआठ टक्क्यांनी. त्याच वर्षी समुद्रात तेल सापडलं आणि सावकारांची रांग लागली. फेब्रुवारी २०२० मध्ये, कोविड दाराशी असताना, घानाने चक्क ४१ वर्षांचा रोखा विकला, पावणेनऊ टक्क्यांच्या आसपास. २०६१ सालापर्यंतची वसुली! घेणारा अर्थमंत्री कोण आणि फेडणारा कोण, याचा विचार कुणी केला असेल असं वाटत नाही. इकडे अक्रात राष्ट्रीय कॅथेड्रलसाठी भला मोठा खड्डा खणून ठेवला होता. २०२२ संपताना महागाई ५४.१ टक्क्यांवर, सेडी पार घसरलेला. आणि १९ डिसेंबरला हात वर.

पण घानाने झांबियाइतका वेळ घेतला नाही. मे २०२३ मध्ये नाणेनिधीचे ३ अब्ज डॉलर मंजूर. जानेवारी २०२४ मध्ये सरकारी सावकारांशी ५.४ अब्ज डॉलरवर तत्त्वतः समझोता, दर एक ते तीन टक्क्यांच्या दरम्यान. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये १३.१ अब्ज डॉलरचे रोखे बदलून पूर्ण. बावीस महिन्यांच्या आत.

घानाने रोखेधारकांपुढे दोन पर्याय ठेवले. एक: मुद्दलातले ३७ टक्के सोडा, उरलेल्यावर ५ टक्के व्याज घ्या, २०२८ च्या मध्यापासून ६ टक्के. दुसरा: मुद्दल पूर्ण ठेवा, पण व्याज दीडच टक्का आणि पैसे २०३७ ला. या दुसऱ्या पर्यायाला १.६ अब्जांची मर्यादा होती. बहुतेकांनी पहिलाच घेतला. शंभर डॉलरचा हिशोब करून बघा. आधी आठ टक्क्यांच्या आसपास व्याज धरलं तर वर्षाला आठ डॉलर. पहिल्या पर्यायात मुद्दल राहिलं ६३, त्यावर ५ टक्के म्हणजे ३ डॉलर १५ सेंट, आणि दर ६ झाला तरी पावणेचारपर्यंत. बोजा निम्म्याहून खाली, आणि मुद्दल खरोखर कमी. एकूण सुमारे ४.७ अब्ज डॉलरचं देणं वहीतून कायमचं गेलं.

आणि घानाच्या दरांत 'सुधारलात तर वाढवू' नाही. ५ म्हणजे ५, ६ म्हणजे ६, कधी वाढणार ती तारीखही ठरलेली. २०२५ मध्ये सोन्याचा भाव आभाळाला भिडला, सेडी झपाट्याने वधारला. त्या तेजीचा फायदा रोखेधारकांच्या दराला झाला नाही, तो घानाच्या तिजोरीत राहिला. (तिजोरीतून पुढे कुठे जातो, ते महामा सरकारला तिथले पत्रकार विचारतीलच.) झांबियात तांब्याचा भाव वाढला की अर्थखात्यातल्या माणसाला आनंद व्हायच्या आधी 'ब' रोखा आठवत असणार.

म्हणून परदेशी कर्जापुरतं बोलायचं तर घानाची तडजोड सरस आहे, असं माझं मत. दर थोडा जास्त चालेल, पण ठरलेला हवा आणि मुद्दल घटायला हवं. अर्ध्या टक्क्याच्या गोडीवर जाऊ नये.

पण थांबा, घानाला शाबासकी देऊन मोकळं होता येत नाही. घानाने परदेशी सावकारांच्या आधी स्वतःच्या लोकांना कात्री लावली. ५ डिसेंबर २०२२ ला, म्हणजे परदेशी देणी थांबवायच्याही दोन आठवडे आधी, अर्थमंत्री केन ओफोरी-अट्टा यांनी देशांतर्गत रोखे बदलण्याची योजना जाहीर केली. पहिला प्रस्ताव ऐका: २०२३ मध्ये व्याज शून्य, २०२४ मध्ये ५ टक्के, २०२५ पासून १० टक्के. ५४ टक्के महागाईत! ज्यांनी सरासरी १९ टक्क्यांच्या आसपास व्याजाचे सरकारी रोखे घेतले होते, त्यांना शेवटी ९ टक्क्यांच्या आसपासवर आणलं. त्यात मोठ्या बँका होत्या आणि निवृत्तीचे पैसे ठेवलेले म्हातारे लोकही होते. कामगार संघटनांनी संपाची धमकी दिली तेव्हा पेन्शन फंड तात्पुरते बाजूला ठेवले. मग फेब्रुवारी २०२३ मध्ये निवृत्त माणसं फलक घेऊन अर्थमंत्रालयाच्या दारात उभी राहिली आणि त्यांच्यात देशाच्या माजी सरन्यायाधीश सोफिया आकुफोही होत्या. माजी सरन्यायाधीश बाई आपल्या रोख्याचे पैसे मागायला रस्त्यावर! शेवटी निवृत्तांना वगळावं लागलं. बँकांना मात्र सुटका नव्हती. खुद्द मध्यवर्ती बँकेने २०२२ चा तोटा ६० अब्ज सेडींहून जास्त दाखवला.

झांबियाने हे केलं नाही. क्वाचातल्या रोख्यांना हातच लावला नाही. त्यात परदेशी गुंतवणूकदारांचेही पैसे होते, त्यामुळे 'यांना का वगळता' असा आक्षेप बाहेरच्या सावकारांनी घेतला, पण सरकारने मानला नाही. देशातल्या बँका आणि ठेवीदार वाचले. त्याची किंमत वेळात मोजली, आणि वेळेची किंमत किती होते ते वर बघितलंच. साचलेल्या व्याजाचे ८९ कोटी.

मग दोघांत बरोबर कोण? मला विचाराल तर घानाचा बाहेरचा करार आणि झांबियाचा घरातला निर्णय. दोन्ही एकत्र मिळायला हवं होतं, पण त्या चौकटीत ते मिळत नाही, कारण सूट किती द्यायची हे ठरवणारे सगळे टेबलाच्या एकाच बाजूला बसलेले असतात. नाणेनिधी अंदाज करतो, त्या अंदाजावर सुटीची गरज ठरते, त्या सुटीची वाटणी सावकार आपसात भांडून करतात, आणि तोवर व्याज चढत राहतं. झांबियाचे अर्थमंत्री सितुम्बेको मुसोकोत्वाने हे वर्षानुवर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. कैरोच्या आफ्रेक्झिम बँकेचा प्रकार तर आणखी वेगळा. ती म्हणते आम्ही बहुपक्षीय संस्था आहोत, आमच्या कर्जाला कात्री लागतच नाही. दोन्ही देशांशी तिचा हा वाद झालाच.

आता त्या मेसेजमधल्या चीनबद्दल. झांबियाच्या ६.३ अब्जांच्या सरकारी कर्जात चीनच्या एक्झिम बँकेचे ४.१ अब्ज होते. मोठा सावकार, यात शंका नाही. आणि चीन मुद्दल कमी करत नाही, कागद दाखवत नाही, वाटाघाटी लांबवतो, हेही खरं. पण शेवटी तो २०३७ पर्यंत एक टक्क्याला तयार झाला. त्याच देशाकडून लंडन-न्यूयॉर्कचे फंड पावणेसहा टक्के घेतायत आणि साडेसाताची वाट बघतायत. घानात तर सगळ्या सरकारी सावकारांचे मिळून ५.४ अब्ज आणि रोखेवाल्यांचे १३.१ अब्ज. 'चीनने गिळलं' हे घानाच्या आकड्यांत बसतच नाही. मेसेज लिहिणाऱ्याने दोन्ही देशांची नावं तरी ऐकली आहेत का, देव जाणे.

आणि चीनवर बोट दाखवताना आपलंही बोट त्या वहीत आहे, हे कुणी सांगत नाही. घानाच्या राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय, ज्युबिली हाउस, भारताच्या कर्जातून उभं राहिलं. टेमा बंदरापासून म्पाकाडानपर्यंतची सुमारे ९७ किलोमीटरची रेल्वे भारताच्या एक्झिम बँकेच्या पैशातून झाली आणि बांधली आपल्या मुंबईच्या अ‍ॅफकॉन्सने. २०२३ मध्ये जी-२० चं अध्यक्षपद आपल्याकडे होतं तेव्हा देशांच्या कर्जांवरची जागतिक गोलमेज बैठक सुरू झाली ती भारताच्या सहअध्यक्षतेखालीच. जुलै २०२५ मध्ये पंतप्रधान मोदी अक्राला जाऊन आले, भारताचे पंतप्रधान तिथे तीस वर्षांत पहिल्यांदा गेले. त्या दौऱ्याच्या बातम्या मराठी पेपरांत सन्मान, स्वागत आणि भाषणाच्या आल्या. घानाकडे आपलं किती येणं आहे आणि त्याचं व्याज किती टक्क्यांवर आलं, हे एकाही बातमीत मला दिसलं नाही.

कॉमन फ्रेमवर्कमध्ये एकत्र समझोता झाल्यावर प्रत्येक देशाला घानाशी स्वतंत्र करार करावा लागतो. दर आणि मुदत त्यात लिहिलेली असते. एक्झिम बँकेचं मुख्यालय मुंबईत आहे, कफ परेडला. तिथे कुणी मराठी बातमीदार माहितीचा अर्ज टाकणार असेल तर मला इनबॉक्समध्ये सांगा, मसुदा मी लिहून देतो.